मशीनवरचं कुंकू

टिंबर मार्केटातल्या त्या दुकानात सोपानराव सुतार सकाळपासून एकच प्रश्न विचारत होते. दुकानदार एकेक मशीन दाखवायचा. मोटर केवढी, फळी किती रुंद जाते, बेअरिंग कुठलं, सगळं एका दमात सांगायचा. त्याचं सांगून झालं की सोपानराव चष्मा कपाळावर सारायचे आणि विचारायचे, "आन ह्यात हात कुठवर जातो?"

"हात कशाला घालायचा काका? फळी घालायची."

"ते झालं वो. पर चुकून गेला तर?"

पहिल्यांदा दुकानदार हसला. दुसऱ्यांदा हसला नाही. तिसऱ्या मशीनपाशी त्याने चहा मागवला. असलं गिऱ्हाईक एक तर नुसतंच डोकं खाऊन जातं, नाही तर माल घेऊनच उठतं, आणि ह्या म्हाताऱ्याचं काय ते त्याला अजून कळलेलं नव्हतं.

सोपानराव कुरुळीचे, गावचे जुने सुतार. बापाने गावाचे नांगर आणि गाड्या केल्या. मग शेतांना कंपन्यांची कुंपणं पडली, नांगर अडगळीत गेले, आणि सोपानराव सायकल मारत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये जाऊ लागले. पॅटर्न शॉप म्हणजे काय, तर लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी हुबेहूब लाकडाचा करायचा, मग त्याच्यावर माती दाबून साचा घ्यायचा. त्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबाने विचारलं, काय कमावलंत एवढ्या वर्षांत? तर सोपानरावांनी दोन्ही पंजे पसरून दाखवले होते. दहाच्या दहा बोटं. सगळे हसले होते. पुढे कितीतरी वर्षं ते लग्नकार्यात ही गोष्ट सांगायचे, पंजे पसरून.

गेलं दीड वर्ष त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती.

त्यांचा मुलगा अजिंक्य. आयटीआय करून चाकणला एका कंपनीत प्रेसवर लागला. पत्र्याचे भाग ठोकायची प्रेस. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. बनवणाऱ्याने मोठ्या शहाणपणाने केली होती. पण दोन बटणांत वेळ जातो आणि माल कमी निघतो, म्हणून कुणीतरी एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. कुणी, ते शेवटपर्यंत निघालं नाही. एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. सगळी लाइन तसंच करायची. अजिंक्यच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं मधल्या पेरापासून गेली.

तेव्हापासून तो घरी. उजवा हात पँटच्या खिशात. जेवण डाव्या हाताने, चमच्याने, आणि तेसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर. मित्र आले की झोपलोय म्हणून सांगायला लावायचा. घरामागे सोपानरावांची पत्र्याची शेड आहे. निवृत्तीनंतर तिथे ते पाट, चौरंग, देव्हारे करतात. त्या शेडमध्ये तो यायचा, तेवढाच काय तो आधार. पॉलिश पेपर घ्यायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि डाव्या तळव्याने दाबून पाट घासत बसायचा. दुपार दुपार घासायचा. पण सोपानरावांनी रंध्याचं मशीन चालू केलं, की ठोकळा खाली ठेवून उठायचा आणि पार हायवेपर्यंत चालत जायचा. शेवटी सोपानरावांनी तो घरात असताना मशीनला हातच लावायचं सोडलं. शेड गप्प झाली. सत्तरीला टेकलेल्या माणसाने हातरंधा मारून किती पाट व्हायचे? आणि आपण गेल्यावर ह्याने पॉलिश पेपर घासून किती दिवस काढायचे? रात्री कुशीवर वळताना त्यांना एवढंच दिसायचं. मुलगा पुन्हा मशीनसमोर उभा राहिला पाहिजे. निदान एका तरी.

म्हणून ते दुकानात आले होते, अजिंक्यला न सांगता.

तिसरं मशीन म्हणजे ड्रम सँडर. दुकानदाराने झाकण उघडून दाखवलं. आत लाटण्यासारखा आडवा ड्रम, त्याच्यावर पॉलिश पेपर तिरका गुंडाळलेला. खाली एक पट्टा. इकडून पट्ट्यावर फळी ठेवायची, पट्टा ती सावकाश ड्रमखाली नेतो, वरून ड्रम फिरत घासतो आणि फळी पलीकडून गुळगुळीत होऊन बाहेर पडते. हाताने अख्खी सकाळ घासून जे होतं, ते चहा गार व्हायच्या आत होतं.

"पातं कुठाय ह्यात?"

"पातं नाहीच काका. नुसता पेपर."

सोपानराव खाली वाकले. ड्रम आणि पट्टा यांच्यातल्या फटीत त्यांनी आपला पंजा घालून पाहिला. फट फळीच्या जाडीएवढी. बोटांची टोकं गेली आणि पंजा अडला.

दुकानदाराला धीर आला. "हे मोठं घ्या मग. एका बाजूने उघडं आहे. रुंद टेबल असलं तरी अर्धं एकदा, फिरवून अर्धं एकदा. उद्या कंपन्यांच्या ऑर्डरी आल्या तर?"

सोपानरावांनी ती उघडी बाजू पाहिली. ड्रमचं एक टोक नुसतं हवेत होतं. "शर्टाची बाही बी जाईल हितनं," ते म्हणाले. "आन एकाच खांद्यावर वजन घेतलेला मानूस कदी ना कदी वाकतो. ते धाकटं द्या, दोन्हीकडनं धरलेलं. माझा पाट काय खाटंएवढा नसतो." धूळ ओढणारी मोठी पिशवीही त्यांनी घेतली. ती फुकट द्या, असं मात्र दोनदा म्हणून पाहिलं.

घरी येऊन बायकोला, अंबुबाईंना, म्हणाले, "उद्या ड्रम येतोय."

"आनखी एक? हायेत त्यांत भरायला नळाला पानी तर येऊ द्या आदी."

"पान्याचा न्हाई. लाकूड घासायचा."

"लाकूड घासायला ड्रम?" अंबुबाई चूल पुसता पुसता थांबल्या. मग आवाज खाली घेऊन विचारलं, "अजूला ठावं हाय?"

"न्हाई."

"मंग मला तरी कशाला सांगितलं? आता मला त्याच्याम्होरं तोंड सरळ ठेवावं लागंल."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. आळीतल्या चौघांनी खोकं उतरवलं. अजिंक्य ओट्यावर बसून बघत होता. खोक्यावरचं चित्र त्याला दिसलं. तरी तो उठून गेला नाही. अंबुबाईंनी ते लगेच टिपलं आणि आतूनच सोपानरावांना डोळ्यांनी खुणावलं.

दोन दिवस सोपानराव मशीन बसवत होते. जमीन उंचसखल, म्हणून टेबलाच्या एका पायाखाली पाचर मारली. मीटरपासून वेगळी जाड वायर घेतली. मग राहिलं खरं काम. ड्रम आणि पट्टा अगदी समांतर हवेत, नाहीतर पाट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघतो. त्यांनी एकाच फळीतून दोन सारख्या पट्ट्या कापल्या, ड्रमच्या दोन टोकांखाली सरकवल्या आणि ड्रम खाली खाली आणत एकेक पट्टी ओढून पाहू लागले. दोन्ही सारख्याच घट्ट लागल्या पाहिजेत.

"डावीकडं ढिला हाय."

अजिंक्य शेडच्या दारात उभा होता.

"तुला तिथनं कसं कळलं?"

"तुमी डावी पट्टी वढता तवा नुसता हात जातो. उजवी वढता तवा खांदा बी जातो."

सोपानरावांनी पुन्हा ओढून पाहिली. खरंच होतं. ते गुपचूप बाजूला सरकले, जणू पाठ दुखतेय असं दाखवत. अजिंक्य आत आला. त्याने डाव्या हाताने बोल्ट ढिला केला, केसभर फिरवला, पट्टी ओढली, परत फिरवला. मग पेपर चढवायची वेळ आली. पेपरची लांब पट्टी ड्रमवर तिरकी गुंडाळत न्यायची आणि तिचं टोक ड्रमच्या पोटातल्या चिमट्यात अडकवायचं. चिमट्याची जागा एवढी अरुंद की सोपानरावांची गाठाळलेली बोटं आत वाकेनात. तीनदा टोक सुटलं.

"प्लग काढलाय?" अजिंक्यने विचारलं.

"काढलाय."

"दावा."

सोपानरावांनी प्लग उचलून दाखवला.

"हातात धरून ठेवा. खाली ठिवू नका."

आणि मग त्याने खिशातून उजवा हात काढला. दीड वर्षात सोपानरावांनी तो हात नीट पाहिलेला नव्हता. त्याने पाहू दिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ह्यांनीही कधी मागून पाहिलं नव्हतं. त्या अरुंद फटीत पुरं बोट वाकत नव्हतं. अर्धं बसलं. चिमट्याचा टक असा आवाज झाला. सोपानराव प्लग धरून भिंतीकडे बघत राहिले.

"उद्या सकाळी चालू करू," ते म्हणाले.

"बघू," अजिंक्य म्हणाला. पण त्याने नको म्हटलं नव्हतं.

त्या रात्री अंबुबाई एवढ्या खुशीत होत्या की पुरणाला डाळ भिजत घालायचीच काय ती बाकी राहिली. सकाळी आंघोळ करून त्यांनी ताट सजवलं. हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूचा हार, नारळ, लिंबू. सुताराच्या घरात नवं हत्यार पूजेशिवाय हातात घेत नाहीत. पटाशी असो की वाकस, आधी कुंकू आणि मग काम. खंडेनवमीला तर ह्या शेडमधल्या खिळे उपटायच्या पकडीलासुद्धा फूल वाहिलं जातं. अंबुबाईंनी मशीनच्या झाकणावर हळदीचं बोट ओढलं, कुंकवाचं ओढलं, हार घातला. सोपानरावांनी टोपी सारखी केली आणि नारळ हातात घेतला. मनात एकच मागणं होतं, माझ्या लेकराच्या हाताला सांभाळ.

अजिंक्य दारात आला आणि जागेवर थिजला.

"हे काय?"

"अरं, पूजा," अंबुबाई म्हणाल्या. "ये, तूच फोड नारळ."

मग तो बोलू लागला, अगदी सावकाश, जणू कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगतोय.

"मी दवाखान्यात व्हतो तवा माझ्या लाइनवरच्या प्रज्वलनं मोबाईलवर व्हिडिओ धाडला व्हता. त्याला वाटलं मला बरं वाटंल. त्यांनी प्रेस धुतली. हार घातला. हळदकुंकू, लिंबू, नारळ, सगळं आसंच. भटजी बोलावून तिची शांत केली. पेढं वाटलं. आन सेकंड शिफ्ट चालू." त्याने मशीनवरच्या हाराकडे पाहिलं. "तिची शांत केली, आई. तिची. माझी बोटं कुटं टाकली ते मला आजवर कुणी सांगितलं न्हाई."

नारळ सोपानरावांच्या हातात तसाच राहिला. अजिंक्य वळला आणि फाटकाबाहेर पडला. दुपार टळली तरी आला नाही. आला तो सरळ खोलीत गेला.

त्यानंतर तो शेडमध्ये यायचाच बंद झाला. हाताने घासायचं तेही संपलं. ठोकळा आणि पेपर जिथे ठेवले होते तिथेच पडून राहिले. मशीनवर अंबुबाईंनी जुनी चादर टाकली. हार आत सुकला.

सोपानराव चादरीकडे बघत बसायचे. बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं, पूजा राहू द्या आणि करा बटण चालू. पण त्यांच्या बापाने साधी पटाशी पूजेवाचून उचलली नव्हती. दहा बोटं शाबूत राहिली ती आपल्या हुशारीने, असं सोपानरावांना कधीच वाटलं नव्हतं. ती त्या कुंकवाने राहिली, असंच त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. आता पोराला मशीनपुढे उभं करायचं आणि तेही उघड्या कपाळाच्या मशीनपुढे? त्याचा हात सांभाळायचा म्हणून पूजा, आणि पूजा दिसली की तो हात खिशात जातोय.

"तो नसताना करून घ्यावी का गुपचूप?" एकदा त्यांनी अंबुबाईंना विचारलं.

"आन त्याला कळलं तर?"

"कसं कळंल?"

"तुमचं तोंड बघून," अंबुबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं तुमाला एक खोटं नीट बोलता आलं न्हाई."

पुढच्या सकाळी सोपानरावांनी बादलीतून ओलं फडकं पिळून घेतलं आणि शेडमध्ये जाऊन चादर ओढली. सुकलेला हार काढून बाजूला ठेवला. मग ते कुंकू पुसू लागले.

अंबुबाई मागोमाग आल्या होत्या. "अवं! काय करताव? कुंकू पुसत्यात का कुनी?"

"मानसाच्या कपाळाचं पुसू न्हाई," सोपानराव न थांबता म्हणाले. "हे लोखंड हाय."

अंबुबाईंनी तोंड फिरवलं. हात नकळत आपल्या कपाळाकडे गेला. कुंकू निघालं, पण हळद निघेना. करड्या रंगावर पिवळं बोट तसंच. सोपानराव थिनर घेऊन घासत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आणि देवाची माफी मागत होते की फडक्यावर चिडले होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अजिंक्य नळावर तोंड धूत होता. वास आला म्हणून आत डोकावला.

"आबा, काय करताय?"

"दिसत न्हाई का?"

"राहू द्या. मी तसं म्हनलं नव्हतं."

"तू काय म्हनला ते आयकलं मी." सोपानरावांनी फडकं खाली ठेवलं. "शांत करायची तर आदी मानसाची करावी. त्यांनी तुला इचारलं न्हाई, बरं. त्ये परके. आमी तरी कुटं इचारलं? दीड वरीस झालं, ह्या घरात कुनी तुला म्हनलं न्हाई, बाबा, दुखतंय का."

बाहेरून कंपनीची बस गेली.

"दुखतंय," अजिंक्य म्हणाला. "जी न्हाईत ती दुखत्यात."

अंबुबाई पुढे आल्या. त्यांनी त्याचं मनगट धरून हात खिशातून बाहेर काढला आणि आपल्या तळव्यावर ठेवून पाहिला. त्याने ओढून घेतला नाही. "कंचं जास्ती?" त्यांनी विचारलं.

"मधलं."

"थंडीत?"

"थंडीत. आन प्रेसचा आवाज आला की."

त्या तो हात धरून उभ्या राहिल्या. ताट आणावं, त्याला ओवाळावं, असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण त्या एकदा घराकडे वळल्या. अजिंक्यने मान हलवली. "मला बी नको, आई. कुनालाच नको आज." त्या थांबल्या. बाईमाणसाला हे सोपं नव्हतं. पण थांबल्या.

मग तोच म्हणाला, "प्लग लावा. आवाज किती करतंय ते तरी बघू."

सोपानरावांनी धुळीची पिशवी जोडली, सागाची एक फळी घेतली आणि बटणापाशी येऊन अडखळले. पूजेवाचून बटण दाबायची त्यांची ही पहिलीच वेळ. मनात देवाचं नाव आलं, ते त्यांनी मनातच ठेवलं. बटण दाबलं. ड्रम घुमायला लागला. तो आवाज प्रेससारखा नव्हता, दाणकन आदळणारा नव्हता. जात्याच्या घरघरीच्या जवळचा होता. अजिंक्य एक पाऊल मागे गेला, भिंतीला टेकला आणि तिथेच राहिला. हायवेकडे गेला नाही.

सोपानरावांनी फळी पट्ट्यावर ठेवली. पट्टा तिला सावकाश ओढू लागला. अर्धी फळी आत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, पलीकडे धरायला कुणी नाही. ते ओरडणार, तेवढ्यात अजिंक्य भिंत सोडून पलीकडच्या बाजूला गेला आणि बाहेर आलेलं टोक त्याने दोन्ही हातांनी पेललं. दोन्ही हातांनी. मग फळीवरून तळवा फिरवून म्हणाला, "ठीक हाय. पेपर अजून बारीक लागंल."

आणखी एक फळी झाली. मग त्याने मशीनवरून हाक मारली, "आबा, तुमी इकडं या."

"का?"

"तुमी इकडं धरा. मी घालतो."

सोपानरावांच्या तोंडून "न्हाई" निघता निघता राहिलं. पंजा फटीत घालून पाहिला होता, दोन्हीकडून धरलेलं मशीन निवडलं होतं, सगळं खरं. पण पलीकडच्या बाजूला गेल्यावर मधे झाकण येतं आणि फळी घालणाऱ्याचा हात दिसत नाही, ह्याचा विचार त्यांनी दुकानात केलाच नव्हता. तिथे उभं राहून सांभाळता येत नाही. नुसती वाट बघता येते.

ते गेले. पट्ट्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले.

पलीकडे फळी ठेवल्याचा आवाज झाला. ड्रमचा सूर जड झाला, म्हणजे लाकूड लागलं. सोपानरावांनी दाराकडे पाहिलं. अंबुबाईंना तिथून अजिंक्यचा हात दिसत होता. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून ते बघत राहिले, पण त्यांनी पदर तोंडात धरला होता आणि पापणी हलत नव्हती.

फटीतून सागाची कड बाहेर आली. मग चार बोटं, मग वीतभर. फळी हाताला ऊन लागत होती.

"आबा," पलीकडून आवाज आला, "धरली का?"

"धरली," सोपानराव म्हणाले. "घाल दुसरी."